ब्लेड रनर बघू की एक्स माकिना?

एकच रात्र मोकळी आहे आणि 'मशीनला मन असतं का' टाइपचा पिक्चर बघायचाय, तर माझ्यामते निवड या दोघांतूनच करा, 1982 चा ब्लेड रनर नाहीतर 2014 चा एक्स माकिना. हर (2013) पण भारी आहे, पण नुकतंच ब्रेकअप झालं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

दोन्हीत टेस्ट आहे आणि खरी गंमत तिथेच. ब्लेड रनरमध्ये समोरच्याच्या डोळ्याची बाहुली बघत प्रश्न विचारतात, वाळवंटात कासव उलटं पडलंय, तडफडतंय, तू त्याला सरळ का करत नाहीयेस वगैरे. म्हणजे कळवळा आला तर माणूस, नाही आला तर रेप्लिकंट, म्हणजे हुबेहूब माणसासारखा बनवलेला कृत्रिम जीव. एरवी 20-30 प्रश्नांत निकाल लागतो, रेचल नावाच्या रेप्लिकंटला मात्र शंभरावर लागतात, कारण बिचारी स्वतःला माणूसच समजत असते. आणि गंमत बघा, कळवळा नाही असं ठरवून ज्यांना मारत सुटलेत त्यातलाच रॉय, चार वर्षांचं आयुष्य मिळालेला, शेवटी गच्चीवर काय करतो ते बघाच, मी सांगत नाही. त्यांना मारणारा हिरो हॅरिसन फोर्ड त्याच्यापुढे मला थंडच वाटला.

एक्स माकिनात सगळं उलटं. मशीन माणसासारखी उत्तरं देतं का हे तपासायच्या, संगणकशास्त्रज्ञ ट्युरिंगच्या मूळ कल्पनेत समोरचा दिसतच नाही, फक्त टाइप केलेली उत्तरं, इथे एव्हा नावाच्या रोबोच्या पोटातली यंत्रं आरपार दिसतायत, तिची टेस्ट घेणाऱ्या केलेबला पक्कं माहितीये ती रोबो आहे, तरी गडी विरघळतो. म्हणजे तिकडे माणूस ओळखायची खूण असलेला कळवळा इकडे गळाला लावलेलं आमिष होतो. चॅटबॉटला पण 'थँक्यू' टाइप करणाऱ्या मला हे जास्त टोचलं.

एक्स माकिना 108 मिनिटांचा, एक घर, मोजकी माणसं, कुठे रेंगाळत नाही, त्यामुळे लवकर कंटाळणाऱ्यांनी हाच घ्या, फक्त आईबाबांसोबत नको, बरीच नग्नता आहे. ब्लेड रनर संथ आहे, घ्याल तर 2007 चा फायनल कट घ्या, थिएटरला आलेल्या मूळ व्हर्जनमध्ये फोर्डचं निवेदन आणि ओढूनताणून गोड केलेला शेवट आहे. आणि दिवे बंद करून बघा, सगळा अंधार नि पाऊसच आहे त्यात, मोबाईलवर काही म्हणजे काही दिसणार नाही.