मोटरचं बॅलन्सिंग: फोनचं ॲप की लेझर-आरसा?

आधी मॉडेल हेलिकॉप्टरची पाती उतरवा, पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) मेन गिअरपासून सोडवा. मग उरलेली थरथर मोटरचीच.

थरथर मोजणारं ॲप सोयीचं, पण फोनचा सेन्सर सेकंदाला 100 नोंदी घेत असेल तर 3,000 आरपीएमपुढचं त्याला नीट कळत नाही. मोटर 20,000 ला फिरते! शिवाय फोनच्या वजनानेच थरथर दबते.

माझं मत लेझरला. मोटर जिथे बसते त्या माउंटवर नखाएवढा आरसा चिकटवा, लेझर वेगळ्या स्टँडवर ठेवा, ठिपका तीन मीटरवरच्या भिंतीवर पाडा. मोटर फिरली की ठिपक्याची रेघ होते. बेलवर (मोटरच्या फिरणाऱ्या बाहेरच्या कवचावर) टेपचा छोटा तुकडा लावा, मोटर थांबवून पाव-पाव फेरा सरकवत त्याच आरपीएमला रेघ सर्वांत आखूड होते ती जागा शोधा, मग तुकडा कमीजास्त करा. कुठेही लावून फरक पडत नसेल तर बेअरिंग, शाफ्ट तपासा.