काकांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: सात महिन्यांनंतर

लॅपटॉप काकांनी वापरून दिलेला. पाचव्या पिढीचा आय-थ्री, रॅम ४ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ साठी इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला; घरी नवा मागायची सोय नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला बसले तर दादा म्हणतो, "काहून चांगली मशीन बिघडवून राहिली?"

आधी उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिला. देखणं आहे, पण चार टॅब उघडले की माउस अडखळायचा. मग मिंट या दुसऱ्या प्रकाराची, २२.२ ची, एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. मिंटचीच सिनॅमन आवृत्ती जास्त छान दिसते, पण ४ जीबीत असले लाड परवडत नाहीत. बर्डीवरून (नागपूरचा सीताबर्डी बाजार) एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, आणून बसवली होती आणि खरं सांगायचं तर अर्धा वेग तिचाच आहे. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून चमत्काराची वाट पाहू नका.

पहिल्या दिवशी वायफायच दिसेना. चिप ब्रॉडकॉमची. ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा, आणि नेटच नाही! शेवटी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं (मोबाइलचं नेट लॅपटॉपला दिलं) आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून तो टाकला. काम पाच मिनिटांचं, पण हे सुचेपर्यंत अख्खी दुपार गेली.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठीची अक्षरांची ठरलेली मांडणी) लावला. पंधरा दिवस शिव्या घातल्या, आता हात बसलाय. 'दुसऱ्या' लिहिताना शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'चं बटण दाबायचं, मग 'डी'चं, मग 'य'चं. मोबाइलवर हा ऱ्या शोधत बसावं लागायचं. कॉलेजच्या नोटिसा मात्र कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये येतात. तो फॉन्ट नसला की 'मराठी'च्या जागी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी खिचडी दिसते. फॉन्टची फाइल मैत्रिणीकडून घेऊन टाकली तेव्हा कुठे वाचता आलं. प्रोजेक्ट रिपोर्ट लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) लिहा, पण देताना पीडीएफच द्या. माझं एक टेबल सरांच्या वर्डमध्ये पानाबाहेर गेलं होतं.

सगळ्यात मजा सी भाषेच्या प्रॅक्टिकलला. लॅबमध्ये अजून टर्बो सी, म्हणजे डॉसच्या काळातला कंपायलर. तिथला प्रोग्राम घरी जीसीसीत (लिनक्सवरचा सीचा कंपायलर) टाकला की कोनिओ डॉट एच नावाची फाइलच नाही म्हणून तो पहिल्याच ओळीवर अडतो. क्लियरस्क्रीन, गेटसीएच सगळं काढलं तर चालतो, पण परीक्षेत सरांना तेच हवं असतं. मग डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी टाकलं. आता अभ्यास जीसीसीवर आणि जर्नल टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर. पायथन आणि जावाला काही त्रास नाही.

टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा; ते सिस्टिमची त्या वेळची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, जपून ठेवतं. जानेवारीत मी ग्राफिक्सच्या सेटिंगशी नको ते उद्योग केले आणि लॉगिननंतर नुसती काळी स्क्रीन. आदल्या दिवसाचा स्नॅपशॉट परत आणला, सबमिशन वाचलं.

बॅटरीत फरक शून्य. मेच्या दुपारी लाइट गेली की कूलरही बंद, आणि जेमतेम वीस मिनिटांत लॅपटॉपही.

एक मोठी अडचण उरलीच. ऑनलाइन टेस्टचं कॉलेजने दिलेलं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. त्या दिवशी दादाचा लॅपटॉप मागावा लागला. तो देताना काय काय बोलला, ते इथे लिहीत नाही.