जुन्या डिझेल पिकअपचे नऊ महिने: सेल्फ घेते, पण चालू होत नाही

जानेवारीत मी 2011 ची डिझेल पिकअप सेकंड हँड घेतली. जूनमध्ये हा अनुभव लिहिला असता तर नुसतं कौतुक केलं असतं. ऑगस्टमध्ये लिहिला असता तर 'जुनी गाडी घेऊ नका' एवढं एकच वाक्य लिहिलं असतं. दोन्ही वेळा चुकलो असतो.

ओझ्याबद्दल तक्रार नाही. दिंडोरी तालुक्यातून पिंपळगाव बसवंतला टोमॅटो नेणं हे तिचं काम. 20 किलोची 60 कॅरेट हौद्यात भरली तरी चढाला दम टाकत नाही. पाटे कडक आहेत, रिकामी गाडी आदळते, ते सगळ्यांना माहीत आहे.

मला लिहायचंय ते पोळ्याच्या आदल्या दिवसाबद्दल. रात्री माल भरून गाडी घराच्या पडवीसमोर लावली. पहाटे किल्ली फिरवली. सेल्फ खणखणीत, इंजिन फिरतंय, पण धरत नाही. दहा मिनिटांत बॅटरी बसली. माल दुसऱ्याच्या गाडीतून भाड्याने पाठवावा लागला आणि त्या दिवशीचा बराचसा नफा भाड्यात गेला.

त्यानंतर तीन आठवडे हाच खेळ. कधी एका सेल्फात चालू, कधी अर्धा तास नाही. बॅटरी नवी घेतली, 5,600 रुपये. फिटरने इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून बसवले, 2,800. फरक शून्य. मग तो म्हणाला, "डिझेल पंप उतरवावा लागेल, 14 ते 15 हजार धरून चला." पंप न तपासताच हा आकडा आला, याचा मला अजून राग आहे. मी गाडी विकायला काढणार होतो.

आमचे नाना, थोरले चुलते, पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस. त्यांनी एकच विचारलं, "सेल्फ मारताना सायलेन्सरकडे कुणी बघितलं का?"

"नाही नाना."

"मग काय शोधताय तुम्ही?"

मी सेल्फ मारला, नाना मागे उभे राहिले. धूर अजिबात नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते पेटतं. फिरवताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, तेव्हा कॉम्प्रेशन (हवेचा दाब), नोझल, टायमिंग (फवारणीची वेळ) बघायचं. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. हे पाहायला एक रुपया लागत नाही. नोझलचे 2,800 देण्याआधी हे कुणीतरी पाहायला हवं होतं, आणि मी स्वतःही पाहायला हवं होतं.

पंपावरच्या सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या झडपेची, वायर काढून परत टेकवली. किल्ली चालू असताना 'टक' आवाज आला, म्हणजे तो उघडत होता. मग नानांनी पाच लिटरचा कॅन बॉनेटच्या वर टांगला, त्यातून पाइप थेट पंपाला जोडला, उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडला. हवा काढली, सेल्फ मारला. गाडी लगेच चालू. म्हणजे पंप चांगला होता. पंधरा हजारांचं काम तिथल्या तिथे रद्द झालं.

आता टाकी ते पंप एवढीच लाइन उरली. माझ्यासारख्या रोटरी पंपाच्या गाडीत ही सगळी लाइन ओढीवर चालते, म्हणजे पंपच टाकीतून डिझेल खेचतो. तिला बारीक फट पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली डाग नाही, वास नाही, आणि फिटरला काही सापडत नाही. गाडी बंद केली की त्या फटीतून हवा जाते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं.

नानांकडून हे ऐकल्यावर तीन आठवड्यांचं कोडं सुटलं. घरी गाडी चढावर तोंड करून लागते, तिथे रात्रीतून लाइन रिकामी व्हायची. मळ्यात तोंड उताराला असतं, तिथे ती एका सेल्फात उठायची. टाकी भरलेली असली की त्रास कमी, आणि मी तर पैसे वाचवायला नेहमी पाचशेचंच डिझेल टाकायचो. पहिले सहा महिने गाडी चांगली वाटली, कारण उन्हाळ्यात द्राक्षाच्या फेऱ्यांना टाकी भरलेली असायची.

फिल्टर आणि पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक नळी लावली. सेल्फ मारताच बुडबुड्यांची माळ दिसली. फिल्टरवरच्या हातपंपाखालची (हाताने दाबून डिझेल खेचायचा छोटा पंप) रबरी रिंग उष्णतेने कडक होऊन चिरली होती. रिंग 40 रुपये, सोबत तांब्याचे दोन नवे वायसर. हातपंप मारत बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, मग नोझलकडचे नट ढिले करून सेल्फ मारला आणि डिझेल आलं तसे आवळले. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मध्ये मोटर थंड होऊ द्यायची.

ती साधी नळी तपासणीपुरतीच ठेवा. डिझेल आणि उष्णतेने ती कडक होते आणि पुन्हा तिथूनच हवा धरते. मी दुसऱ्या दिवशी काढून डिझेलचाच पाइप लावला. नळीचा तुकडा मात्र सीटमागे जपून ठेवलाय. जुनी डिझेल गाडी घ्यायला म्हणून पाहायला गेलात तर फूटभर नळी आणि दोन क्लिप खिशात ठेवा, असं मी कुणालाही कळकळीने सांगेन.

आता गाडी विकत नाही. उद्या पुन्हा 60 कॅरेट न्यायची आहेत. टाकी पावच आहे, आणि गाडी आज मुद्दाम चढावर तोंड करून लावली आहे.