स्वयंपाकघराखाली महापालिकेचं चेंबर: जुना बंगला घेण्याआधी हे वाचा

71,50,000 रुपये मोजून घेतलेल्या बंगल्याच्या स्वयंपाकघराखालून महापालिकेची बारा इंची ड्रेनेज लाईन जाते. विकणाऱ्याला माहीत होतं, एजंटलाही माहीत असणार, आम्हाला कुणी सांगितलं नाही. पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून अख्ख्या गल्लीचा मैला वर आला आणि हॉलपर्यंत पसरला. आई-बाबा खालीच झोपतात.

किमतीवर मुद्रांक शुल्क 4,29,000, नोंदणी फी 30,000, एजंटचे 71,500, वकिलाच्या सर्च रिपोर्टचे 15,000. सगळं रीतसर भरलेलं आहे.

लोक म्हणतात, नीट बघून घ्यायचं होतं. बघितलं होतं! तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), घरपट्टीच्या पावत्या, सगळं तपासलं. पण सर्च रिपोर्टमध्ये मालकी आणि बोजा कळतो, जमिनीखालचा पाईप नाही. बँकेचा व्हॅल्युअर टेप लावतो, फोटो काढतो आणि जातो. बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर क्लिअर, या भरवशावर राहू नका.

तुंबलेली लाईन पाण्याच्या दाबाने मोकळी करणाऱ्या जेटिंगच्या गाडीवरच्या माणसाने रस्त्यावरचं चेंबर उघडलं, मागच्या बोळातलं उघडलं आणि मला विचारलं, "साहेब, मधलं चेंबर कुठंय?" अशा लाईनीवर साधारण तीस मीटरला एक चेंबर लागतंच, त्याला बघताक्षणी कळलं. मंजूर नकाशात त्या बाजूला मोकळं सामासिक अंतर (घर आणि हद्दीच्या मध्ये सोडायची जागा) आहे, लाईन तिथूनच गेलेली. आधीच्या मालकाने तिथे स्लॅब टाकून स्वयंपाकघर वाढवलं, चेंबरवर कोबा केला आणि वर फरशी बसवली. आम्हाला नकाशाची झेरॉक्स दिली ती फक्त खोल्यांची. अख्खा प्लॉट दाखवणारं साइट प्लॅनचं पान त्यात नव्हतंच. ते पान हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

ती फरशी काही केल्या डोक्यातून जात नाही. घर बघायला गेलो तेव्हा सिंकखाली, धान्याच्या डब्यांमागे चार फरश्या वेगळ्या दिसल्या. बाकीच्या पिवळट पडलेल्या, या पांढऱ्या, सांध्यातलं सिमेंट ताजं. बायकोने तिथेच विचारलं. "सूनबाई, सिलिंडर पडून फुटल्या, तशा फरश्या आता मिळत नाहीत," काका म्हणाले. (काका! विकणाऱ्याला मी काका म्हणत होतो.) भर दुपारी घरात कापूर जळत होता आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या. मी पुढे काही विचारणार तोच एजंट म्हणाला, चला, आधी गच्ची बघून घेऊ. ती चार फरश्यांची जागा आज रोज डोळ्यांसमोर असते आणि संताप होतो. आम्ही सरळ प्रश्न विचारला आणि तोंडावर खोटं उत्तर मिळालं. याला फसवणूक म्हणतात. वेगळ्या रंगाची फरशी दिसली तर ठोकून बघा, पोकळ वाजली तर तिथूनच परत फिरा.

आता महापालिका. वॉर्ड ऑफिस ड्रेनेज विभागाकडे पाठवतं, ड्रेनेजवाले नगररचनेकडे, आणि नगररचना सांगतं की लाईनचे नकाशे ड्रेनेजकडेच असतात. दहा रुपये भरून माहिती अधिकारात नकाशा मागितला. उत्तर आलं, "सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही." त्यानंतर त्याच विभागाने मला नोटीस काढली: 300 मिमी व्यासाच्या मलनिस्सारण वाहिनीवरील अनधिकृत बांधकाम स्वखर्चाने काढून घ्यावे. नकाशा नाही, मग व्यास कुठून आला? बांधकाम चाललं होतं तेव्हा तुमचे निरीक्षक कुठे होते? त्याच स्वयंपाकघराची घरपट्टी इतकी वर्षं कशी घेतलीत? यावर साहेब म्हणाले, "घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही." ज्याने बांधलं त्याला काही नाही, नोटीस मात्र माझ्या नावावर. लाईन बाजूने वळवायची तर 6,12,400 रुपये आम्हीच भरायचे. तिथल्या एकाने तर लाईन साफ करायला खाजगी माणूस चेंबरमध्ये उतरवून घ्या असं सुचवलं. 2013 च्या कायद्याने असं धोक्याचं काम माणसाकडून करून घेणं गुन्हा आहे, आणि हे महापालिकेतला माणूस मला सांगतो! पोलीस चौकीत तक्रार घेतली नाही. दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा, एवढंच.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. तीच मेख आहे. आमच्या खरेदीखतात "मिळकत प्रत्यक्ष पाहून, खात्री करून, आहे त्या स्थितीत" हे वाक्य एजंटने आणलेल्या मसुद्यात होतं, आणि काकांचे वकील आता त्यावरच बोट ठेवतात. मसुदा आपल्या वकिलाकडूनच करून घ्या. मिळकतीखालून सार्वजनिक लाईन जात नाही, गेल्यास खर्च विकणाऱ्याचा, हे त्यात लिहून घ्या. विकणारा सही करायला कचरला तर तिथेच समजा. आणि घर बघण्याआधी रस्त्यावरची चेंबरं बघा. त्यांची रांग कंपाउंडच्या भिंतीकडे येऊन मागच्या बोळात पुन्हा निघत असेल, तर मधली लाईन तुमच्या घराखाली आहे.

आम्ही काकांना नोटीस पाठवली आहे, दावाही लावणार. याच लाईनीवर पुढे अजून एक बंगला आहे, त्याचंही स्वयंपाकघर असंच वाढवलेलं. गेल्या आठवड्यात त्यावर "विकणे आहे" ची पाटी लागली आणि खाली नंबर त्याच एजंटचा आहे. बघायला येईल त्याला मी रस्त्यावरचं चेंबर दाखवतो. एजंटने फोन करून दम दिला, तरी दाखवतो.