व्हॅक्यूम पाइप: निळा सिलिकॉन तीन महिने, काळा नायट्राइल आठ महिने

मागच्या ऑक्टोबरात सोयाबीनचे पन्नास कट्टे भरून माजलगावला निघालो होतो. धारूरचा घाट उतरताना ब्रेक दाबला तर पेडल दगड. गाडी थांबत होती, पण दोन्ही पाय रोवावे लागत होते. पहिल्या गिअरवर कशीबशी खाली आणली.

गाडी म्हणजे जुना सहाचाकी डिझेल टेम्पो. एका मिस्त्रीनं हात न लावताच मास्टर सिलिंडर (ब्रेकचा मुख्य पंप) बदलायला सांगितला. तेवढे पैसे खिशात नव्हते, ते बरंच झालं.

घरी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, त्यांनी आणखी घोळ केला. व्हॅक्यूम, म्हणजे ब्रेक हलका करणारी निर्वाताची ओढ, गळत असेल तर इंजिनची रेस आपोआप वरखाली होते, असं जो तो सांगतो. ते पेट्रोल गाडीचं. तिथं व्हॅक्यूम इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून येतो. माझ्या डिझेलला अल्टरनेटरच्या मागं वेगळा पंप आहे, त्यामुळं पाइप फुटला तरी इंजिन मजेत चालतं, फक्त ब्रेक जड होतो. टर्बोची किंवा ईजीआरची (धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या व्हॉल्वची) नळीही व्हॅक्यूमवर असली तर गाडी ओढत नाही, काळा धूर मारते, तो भाग वेगळा.

शेवटी गावातल्या ट्रॅक्टरच्या फिटरला बोलावलं. त्यानं इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारायला लावलं. पेडल कडक झाल्यावर पाय तसाच दाबून गाडी चालू करायला सांगितली. पेडल थोडं खाली बसायला हवं, ते हललंही नाही. म्हणजे बूस्टरला, पायाचा दाब वाढवणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम पोचतच नव्हता. मग बूस्टरकडचं टोक काढून अंगठा लावला तर जेमतेम ओढ. पंपाकडं लावला तर अंगठा चिकटून बसला. पंप चांगला, चोर मधल्या पाइपात.

पंक्चरवाल्यासारखं साबणाचं पाणी मारून बघू, असं मी म्हणालो. तो हसला. "मामा, हवा आत चाललीय. बुडबुडा कामून येईल?" एक नळी कानाला लावून त्यानं पाइपावरून फिरवली आणि अल्टरनेटरजवळच्या क्लिपखाली बारीक सूऽऽ सापडला. पाइप ब्लेडनं उभा चिरला, तर आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. ओढ लागली की तीच जीभ भोक बुजवायची. वरून पाइप अगदी धडधाकट दिसत होता.

बीडच्या दुकानात मला निळा सिलिकॉन पाइप आवडला. जाडजूड, चकचकीत, उष्णता दोनशे डिग्रीपर्यंत सोसतो म्हणे. उष्णतेचं खोटं नव्हतं. पण या पंपाला इंजिनचं ऑइल वंगण म्हणून जातं आणि त्याची वाफ पाइपात येत राहते. सिलिकॉनला ऑइल सोसत नाही. जानेवारीत पाहिलं तर पंपाकडचं टोक फुगून भिजल्या चामड्यासारखं मऊ झालं होतं आणि क्लिप त्यात रुतली होती. दुकानदाराला दोष देत नाही, पाइप कुठं लागणार हे मीच सांगितलं नव्हतं.

मग काळा, आत धाग्याची वीण असलेला नायट्राइल रबराचा पाइप घेतला, मीटरला साडेतीनशे. वीण महत्त्वाची, कारण साधी पाण्याची नळी ओढ लागली की चपटी होते. माप घ्यायला जुना तुकडाच सोबत न्या, आतला व्यास तंतोतंत जुळला पाहिजे. थंडीत हा पाइप ताठ होता, टोक गरम पाण्यात बुडवल्यावर चढला. इंजिन माउंटवर हलतं म्हणून थोडा झोल ठेवला. क्लिपही नव्या घेतल्या, पण पिळून आवळल्या नाहीत. पहिला पाइप तिथंच कापला गेला होता. बूस्टरजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व तोंडानं फुंकून तपासला. हवा बूस्टरकडून पंपाकडं जायला हवी, उलटी नाही.

व्हॅक्यूमच्या गेजवर पाऱ्याचे २५ इंच आले. ३० का नाहीत म्हणून मी हटून बसलो होतो. पण ३० इंच हे समुद्रसपाटीचं गणित आहे. आपण पाचशे-सहाशे मीटर उंचीवर, इथं पूर्ण निर्वात केलं तरी २८ च्या आसपासच.

आठ महिन्यांत उसाच्या बांड्या, कापूस आणि मे महिन्यातलं बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन सगळं झालं. पंपाकडचं टोक अजून घट्ट आहे. इंजिन बंद केल्यावरही दोन-तीन वेळा पेडल नरम लागतं, म्हणजे साठा टिकतोय. (घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्यांनो, तुमच्याकडंही तेवढेच दोन-तीन दाब असतात.)

या पाइपाला पाचपैकी चार गुण. एक कापला, कारण नायट्राइल बाहेरच्या हवेला कच्चं. परवा बॉनेट उघडून वाकणाजवळ पाइप दुमडून पाहिला, तर वरच्या सालीवर केसाएवढ्या चिरा दिसल्या. आत पोचलेल्या नाहीत, पण दिवाळीच्या हंगामाआधी बदलून टाकतो. उरलेला सव्वा मीटर सीटखाली गुंडाळून ठेवलाच आहे.