बेरियम मील तपासणी: पडद्यावर दिसलेला घोट

घास गिळताना तो छातीत मध्येच अडकल्यासारखा वाटत असल्याने डॉक्टरांनी मला बेरियम मील, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारे बेरियमचे द्रव पाजून केली जाणारी अन्ननलिका व जठराची तपासणी, करून घेण्यास सांगितले. ज्या केंद्रात ही तपासणी झाली, तेथील कामाबद्दल माझे मत चांगले आहे. तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे.

रात्रीपासून उपाशी राहून मी सकाळी पोहोचलो, तेव्हा रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी स्वतः पूर्वीच्या शस्त्रक्रियांची चौकशी केली. जठराला किंवा आतड्याला छिद्र पडल्याची शंका असल्यास बेरियम देत नाहीत, कारण ते उदरपोकळीत सांडल्यास तीव्र दाह होतो, आणि अशा वेळी पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव्य वापरतात, हे त्यांनी न विचारताच समजावले. बेरियमची विद्राव्य संयुगे विषारी असली, तरी या तपासणीत वापरले जाणारे बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात शोषले जात नाही, हे ऐकून माझी मोठी भीती दूर झाली.

प्रथम फसफसणारी पूड देऊन ढेकर रोखून धरण्यास सांगितले. आतला वायू टिकला, तरच जठर फुगते आणि बेरियमचा पातळ थर अस्तरावर पसरून त्याच्या घड्या स्पष्ट दिसतात. त्यानंतर खडू कालवल्यासारखे दाट, पांढरे द्रव प्यायलो. ते चवीला चांगले नाही, पण असह्यही नाही.

डॉक्टर प्रत्येक घोट पडद्यावर पाहत होते आणि त्याप्रमाणे टेबल कलते करून मला कुशीवर, पालथे, पुन्हा उताणे वळवत होते. उभे असताना काहीच आढळले नव्हते. डोक्याकडची बाजू खाली केल्यावर मात्र जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, म्हणजे हायटस हर्निया, दिसला. चार ठरावीक चित्रे काढून मला मोकळे केले असते, तर तो निसटला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तपासणीनंतरची काळजी मात्र कोणीच सांगितली नाही. काही दिवस शौचास पांढरट होते, बद्धकोष्ठता होऊ शकते आणि त्यासाठी भरपूर पाणी प्यावे लागते, एवढे तीन ओळींत छापून देता येते. मला दोन दिवस त्रास झाला; आधीच बद्धकोष्ठता असलेल्या वृद्ध रुग्णाला तो याहून बराच अधिक होईल. येथे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी या सूचना आवर्जून विचारून घ्याव्यात.