‘तापट सहकाऱ्यासोबत काम’: एक दिवसाची कार्यशाळा, सोलापूर

फी माणशी दीड हजार, ती कंपनीने भरली, म्हणून पैशांबद्दल मी काही बोलत नाही. रविवार माझा गेला, त्याबद्दल बोलते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी ऑर्डरी सांभाळते. यंदा सहा शेडच्या, म्हणजे सहा रंगछटांच्या, एका ऑर्डरीसाठी आमची पाच जणांची टीम केली, त्यात रंगाई बघणारे डाइंग मास्तर. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सूत हातात घेऊन ‘यात पिवळा जास्त पडला’ असं सांगतात आणि रंग मोजणारं मशीनही मग तेच सांगतं. पण तोंड उघडलं की भट्टी. एकदा एका हेल्परच्या अंगावर त्यांनी शेडकार्ड फेकलं, पोरगा दुसऱ्या दिवशी आलाच नाही. यावर साहेबांनी कार्यशाळेला धाडलं ते मला. ताप एकाला, औषध दुसऱ्याला.

सात रस्त्याजवळच्या हॉटेलचा हॉल. दहाची वेळ, पावणेअकराला सुरुवात. बाहेर मे महिना आणि आत एसी असा की बायका पदर लपेटून बसलेल्या. जेवण मात्र पैकीच्या पैकी: कडक भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं.

सकाळचं सत्र बरं होतं. थॉमस आणि किलमन या अभ्यासकांनी १९७४ मध्ये मांडलेले भांडण हाताळण्याचे पाच प्रकार: अडून बसणं, नमतं घेणं, टाळणं, थोडं तुझं थोडं माझं, आणि मिळून तोडगा काढणं. प्रश्नावली भरल्यावर माझं उत्तर ‘टाळणं’ निघालं. खोटं नाही. अण्णांचा आवाज चढला की मला हमखास पॅकिंगमध्ये काहीतरी काम आठवतं.

दुपारी उशा वाटल्या. डोळे मिटा, तो माणूस आठवा आणि मारा, म्हणे राग निघून जातो. इथे माझं बिनसलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. राग आणणाऱ्या माणसाला मनात धरून ज्यांनी पंचिंग बॅग बडवली, त्यांचा राग उलट जास्त भरला. नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा बरे निघाले. मी हे विचारलं तर सर हसून म्हणाले, ‘मॅडम, पॉझिटिव्ह राहा.’ शेजारच्या बँकवाल्या काकांनी तोवर उशीची शिवण उसवली होती.

पाचपैकी अडीच गुण मी देतेय ते एका कागदासाठी. तीन रकाने: भडका उडण्याआधी काय घडलं, माणूस काय बोलला, नंतर काय झालं. यावर सरांनी जेमतेम दहा मिनिटं घालवली. खरं तर अख्खा दिवस यावर घ्यायला हवा होता.

मी तीन आठवडे तो कागद भरला. नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या सहांमध्ये पहिल्या रकान्यात एकच गोष्ट: बॅच चालू असताना ऑफिसातून शेड बदलल्याचा फोन. रंगाई न बघितलेल्यांसाठी सांगते, रिॲक्टिव्ह रंगात आधी मीठ जातं, त्याने रंग सुताकडे ओढला जातो. मग सोडा पडला की रंग सुताला पक्का बसतो. त्यानंतर ‘जरा फिका करा’ म्हणणं म्हणजे उतरवा आणि पुन्हा करा. सहापैकी चार फोन सोडा पडल्यावर गेले होते. आणि त्यातले दोन, लाज वाटते सांगायला, माझेच.

सातवी नोंद साहेबांची. त्यांनी केबिनच्या एलईडीखाली नमुना बघून ‘हा मॅच नाही’ म्हटलं. उजेड बदलला की शेड वेगळी दिसू शकते, म्हणून तर लाइट बॉक्स, म्हणजे ठरावीक उजेडात नमुना बघायची पेटी, ठेवलाय. तो तिथून वीस पावलांवर आहे.

आता नियम साधा आहे: सोडा पडायच्या आधीपर्यंतच बदल, तोही चिठ्ठीवर, फोनवर नाही. साहेबांना पटवायला मला अण्णांपेक्षा जास्त घाम गाळावा लागला. पोरांवर ओरडण्याचं वेगळं. कारण कितीही खरं असलं तरी कार्ड फेकणं चालणार नाही. कार्यशाळेतली ‘मला असं वाटतं की’ छापाची वाक्यं अण्णांसमोर माझ्या तोंडून निघेनात. मी सरळ म्हटलं, ‘अण्णा, तुमचं बरोबर असेल, पण पोरांसमोर नको. दहा मिनिटांनी लॅबमध्ये येते, तेव्हा मला बोला.’ पहिल्या वेळी ते आणखी भडकले. दुसऱ्या वेळी लॅबमध्ये चहा मागवून बसले होते. तो हेल्पर मात्र परत आला नाही. दुसऱ्या कारखान्यात लागला म्हणतात.

कुणी जावं? टीम सांभाळणाऱ्यांनी जरूर, पण जेवणापर्यंतच. आणि जमलं तर साहेबांना सोबत न्या.

कागदाचं अण्णांना कळलंच. ‘काय गं, माझी कुंडली काढालीस का?’ मी कागद पुढे केला. चष्मा लावून त्यांनी नऊच्या नऊ नोंदी वाचल्या, खिशातून पेन काढलं आणि चौथी खोडली.

‘मंगळवारी ओरडलो नव्हतो. जोरात बोललो होतो.’